पाचवा ड्रम

गोदामात शिरले की ते आधी ड्रमांवर टकटक करायचे. परक्याच्या दारावर करावी तशी, बोटांच्या पेरांनी, चालता चालता. पहिला ड्रम, टक्. "हा भरला." पुढचा, टक् टक्. "अर्धा." त्याच्या पुढच्याला कान लावून, "हा लेकाचा खोटं बोलून राह्यला. भरल्यासारखा वाजते, पण आतून गोठला." झाकण उघडून बघावं तर खरंच, सुताला मऊपणा आणायचं ते पांढरं रसायन आत दह्यासारखं घट्ट झालेलं असायचं.

वर्ध्याहून हिंगणघाटला जाताना रस्त्याला लागून तेव्हा सूत रंगवायचा एक छोटा कारखाना होता. नाव सांगत नाही, सांगूनही कुणाला आठवायचं नाही. आता तिथं खताचं गोदाम आहे. नव्वदनंतरची ती मधली वर्षं. मी बी.एस्सी. होऊन नुकतीच तिथल्या प्रयोगशाळेत लागले होते. प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल, एक तराजू, काचेची चार भांडी आणि मी. भिंतीपलीकडे रसायनांचं गोदाम. तिथं कॉस्टिकच्या गोण्या, रंगांचे डबे, मिठाच्या थप्प्या, सूत गुंडाळायचे प्लास्टिकचे कोन आणि निळ्या ड्रमांच्या रांगा. या सगळ्याची राखण करायला हे गृहस्थ. पन्नाशीला आलेले, काटक, कानामागे पेन्सिल. सगळे त्यांना काकाजी म्हणत. ते मला लॅबबाई म्हणत.

काकाजींना बसता यायचं नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. पण यांचं जरा जास्तच होतं. मालकांनी त्यांना नवी खुर्ची दिली, तिच्यावरचा प्लास्टिकचा कागद दोन वर्षांनीही तसाच होता. डबा खायचे तोही फिरत. एका हातात पोळीची गुंडाळी, दुसऱ्या हातानं गोण्यांची शिवण चाचपणं सुरू.

"काकाजी, बसून खा ना," मी म्हणायची.

"बसतो नं बाई. एवढं पाहून येतो."

ते एवढं कधी संपायचं नाही.

आधी ते कापडाच्या एका मोठ्या मिलमध्ये कांजी खात्यात होते. ताण्याच्या सुताला खळ देण्याचं काम. ते खातं बंद पडल्यावर दोन-तीन ठिकाणं करून इथे आले. इंग्रजी त्यांना वाचता यायचं नाही. पण मालाची नस त्यांच्या बोटांना कळायची. मिठाची गोणी ओलावली की बोटं घासून सांगायचे, आज रंग नीट चढणार नाही. आणि चढायचा नाही. मी पुस्तकं उघडून कारण शोधेपर्यंत ते गोणी बदलून मोकळे झालेले असायचे.

एकदा नागपूरचा एक विक्रेता आला. टाय लावलेला, हातात नव्या रसायनाची बाटली. मालकांसमोर त्यानं जोरात सांगितलं, "हे इतकं सुरक्षित आहे की प्यालं तरी काही होणार नाही." काकाजींनी टेबलावरचा काचेचा पेला घेतला, बाटलीतलं दोन बोटं ओतलं आणि त्याच्यापुढे धरला.

"घ्या नं मंग."

तो हसला. काकाजी हसले नाहीत. तो बोलत बोलत फाटकाकडे निघाला, तर हे पेला घेऊन त्याच्या मागोमाग. "घ्या नं साहेब. घोटभर." अख्खा कारखाना बघत होता. विक्रेता गाडीवर बसून गेला तेव्हा काकाजींनी पेला गटाराजवळ ठेवला, गटारात ओतला नाही. "गटाराचं पाणी कोनाच्या वावरात जाते, मालूम हाय का?" असं आम्हालाच विचारलं आणि निघून गेले.

आता मूळ गोष्टीकडे येते. तिच्यात माझी चूक आहे, म्हणून इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत बसले.

आमच्याकडे रिकामा झालेला निळा ड्रम म्हणजे गावात मोठी चीज. उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी. दोनशे लिटरचा ड्रम दारात असला की घरची बाई निश्चिंत. कामगार ड्रमासाठी महिनोन्‌महिने नंबर लावायचे. काकाजी साधे ड्रम द्यायचे, तेही धुऊन, उन्हात उलटे ठेवून, आणि वर ताकीद देऊन, "वापराचं पानी ठेवजो. पेयाचं नाई."

त्या वर्षी रंग पक्का बसवायचं एक नवं रसायन आलं. पाच ड्रम. काकाजींनी पहिल्याच दिवशी वास घेतला आणि त्या पाचांच्या गळ्याला लाल रंगाचा पट्टा ओढला. रिकामे झाले की आरीनं कापायचे, असं त्यांनी ठरवून टाकलं. का, ते कुणी विचारलं नाही.

एप्रिलच्या शेवटी ते दोन दिवस रजेवर गेले. वडनेरला त्यांच्या भाचीची सोयरीक होती. नेमके तेव्हाच ते ड्रम रिकामे पडलेले. कामगार मॅनेजरांच्या मागे लागले. मॅनेजर माझ्याकडे आले. "मॅडम, तीनदा धुतलेत. द्यायचे का?"

मी हुंगून पाहिलं. वास जवळजवळ गेला होता. ड्रमावर इंग्रजीत बारीक अक्षरांचं लेबल होतं. मी वरच्या चार ओळी वाचल्या. खालच्या वाचल्या नाहीत. बाहेर ऊन रणरणत होतं, दारात माणसं ताटकळत होती, आणि मला कुणीतरी पहिल्यांदाच मॅडम म्हणून निर्णय विचारला होता. मी गेटपासवर सही केली.

काकाजी परत आले, गोदामात गेले आणि तसेच बाहेर आले.

"लाल पट्ट्याचे कुठी गेले?"

मी सांगितलं. धुतले होते, वास नव्हता, हेही सांगितलं. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. नुसते म्हणाले, "बाई, लोखंड असतं तर गोष्ट वेगळी होती. प्लास्टिक पिते. पोटात धरून ठेवते. उन्हात पानी तापलं का मंग हळूहळू सोडते. वास गेला म्हणजे वीख गेलं नाई."

गोदामात त्या ड्रमाच्या झाकणाचं एक लेबल पडलेलं होतं. मी ते उचललं आणि शेवटपर्यंत वाचलं. रिकामा ड्रम अन्न किंवा पाणी साठवण्यासाठी कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. ज्याला वाचता येत नव्हतं त्याला ते ठाऊक होतं.

"चाला," काकाजी म्हणाले.

पहिला ड्रम फाटकावरच्या चौकीदाराच्या घरी सापडला. त्याच्या बायकोनं त्यात धुणं भिजवलं होतं. तिनं भांडून दिला, पण दिला. दुसरा समोरच्या चहाच्या टपरीवर. तिथं पाणी भरून ठेवलेलं. टपरीवाला ऐकेना. म्हणाला, "कालपासून तुमच्याच लोकाईले याच पान्याचा चहा पाजून राह्यलो. मेलं का कोनी?" काकाजींनी त्याच्याशी वाद घातला नाही. घरून स्वतःचा पत्र्याचा पिंप सायकलला बांधून आणून दिला आणि हा घेऊन गेले. दोन्ही ड्रम त्यांनी माझ्यासमोर कापले. आरी चालवताना त्यांच्या कपाळाची शीर उभी राहिली होती.

तिसरा सिंदी रेल्वेला गेला होता. आमच्या एका कामगारानं तो आपल्या साळ्याला दिलेला, आणि साळ्याचं मांडव-भांड्यांचं दुकान. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही दोघं निघालो. गाडीत बसायला जागा होती. काकाजी दारात उभे.

"काकाजी, तुम्हांला कसं कळलं, हे पितं म्हणून?"

त्यांनी बाहेर बघतच सांगितलं. कांजी खात्यात असताना असाच एक अर्धा कापलेला ड्रम त्यांनी घरी वडनेरला नेला होता. आई म्हणाली, उद्यापासून यात पाणी भरू. त्या संध्याकाळी वडलांनी वावरातून आलेले बैल त्याच ड्रमावर पाजले. "सकाळी जोडी आडवी. दोन्ही. बापानं मले इचारलंबी नाई का काऊन झालं. मीनंबी सांगतलं नाई. बुढा गेला तरी त्याले मालूम नव्हतं, ड्रम कायचा होता ते."

पुढे एकदा मी काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, म्हटलं की काकाजी तेव्हापासूनच असे अस्वस्थ झाले असतील. काकू खो खो हसल्या. "कायचं वं माय! सासू सांगे, हे पोट्टं पाळन्यातबी ठरे नाई." तेव्हा माणसाचं कारण शोधायला जाऊ नये, हे मी तिथे शिकले.

सिंदीला दुकानाला कुलूप होतं. शेजाऱ्यानं सांगितलं, सामान लग्नात गेलंय, गावाच्या त्या टोकाला. काकाजी चालायचे सोडून पळायलाच लागले. मी साडी सावरत मागे.

मांडवात पहिली पंगत उठून दुसरी बसत होती. वांग्याची भाजी, बुंदी, कढी. मांडवाच्या कोपऱ्यात, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला, निळा ड्रम. गळ्याला लाल पट्टा. आत बर्फाची लादी टाकलेली, आणि दोन जण जग बुडवून बुडवून पंगतीत पाणी वाढत होते.

"थांबवा! पानी वाढू नका!" काकाजी ओरडले.

लग्नघरात असं ओरडणाऱ्याकडे लोक कसं बघतात, ते तुम्हांला माहीत आहे. पाणी वाढणारा म्हणाला, "कोन होय हा?" कुणी म्हणालं, पिऊन आला. कुणी म्हणालं, मुलाकडचा दिसते. काकाजी सांगायला लागले, पण धाप लागल्यामुळे त्यांचं अर्धं वाक्य बाहेर येईना. तेवढ्यात जग पुन्हा ड्रमात बुडाला.

मग त्यांनी ड्रमाला खांदा लावला. पहिल्यांदा तो नुसता हलला. दुसऱ्यांदा आडवा झाला. सगळं पाणी मांडवभर. बर्फाची लादी घसरत घसरत थेट पाटांपर्यंत गेली. पत्रावळी वाहिल्या, म्हाताऱ्या पाय वर घेऊन ओरडल्या, आणि चार-पाच जणांनी काकाजींना धरलं. एकानं मारलंही. त्यांचा चष्मा चिखलात पडला.

मी तोवर मांडवाच्या बल्लीला धरून उभी होते. खरं सांगते, तिथून निघून जावं असं माझ्या मनात आलं होतं. मला तिथं कुणी ओळखत नव्हतं. पण त्यांना दुसरी थप्पड बसली तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघाले, आणि इतक्या मोठ्यानं निघाले की माझे मलाच परके वाटले.

"त्यांना सोडा! मी कारखान्यातली केमिस्ट आहे. हा ड्रम विषारी आहे. आणि तो बाहेर मी सोडला. सही माझी आहे."

मुलीच्या घरची एक म्हातारी बाई पुढे आली. म्हणाली, "मी म्हनत नव्हती का, पान्याले उग्र वास येऊन राह्यला? दोन घोटांत माह्या घशाची आग झाली. मले म्हने, बुढीचं तोंड खराब हाय." पंगतीतल्या आणखी दोघी-तिघींनी पेले ओतून दिल्याचं तेव्हा निघालं. कुणाला मोठं काही झालं नाही. दोन मुलांना उलट्या झाल्या, त्या पाण्यानं की बुंदीनं, ते आजही मला ठाऊक नाही. त्यावर मी पुष्कळ रात्री विचार केला आहे.

मुलीचे वडील काकाजींजवळ आले. मला वाटलं, आता हेही मारतात. त्यांनी खाली वाकून चष्मा उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि काकाजींच्या डोळ्यांवर स्वतःच्या हातानं लावला. म्हणाले, "जेवल्याबिगर जाऊ नका."

शेजाऱ्यापाजाऱ्यांनी घरच्या स्टीलच्या कोठ्या, हंडे, माठ आणले. तिसरी पंगत बसली. काकाजी जेवले, पण पत्रावळ हातावर घेऊन मांडवात येरझारा घालत. नवरीही त्यांच्याकडे बघून पदराआड हसत होती.

त्या लग्नाची बातमी जिल्ह्यात आमच्याआधी पोचली. चौथा ड्रम ज्यानं नेला होता तो स्वतःच बैलगाडीत घालून कारखान्यात परत टाकून गेला. "आमच्या घरी नोको बाप्पा असं काही," म्हणाला.

राहिला पाचवा. तो नेणाऱ्या कामगारानं चौकात उतरवून ठेवला होता, तिथून एका मालट्रकवाल्यानं उचलला. गाडी कुठली, नंबर काय, कुणाला सांगता येईना. समुद्रपूरकडे वळली, एवढंच पानवाल्यानं पाहिलं होतं.

काकाजींनी शोध सुरू केला. आधी रविवारी, मग रजा टाकून, मग न टाकता. एसटीनं जायचे, पुढे पायी. प्रत्येक गावात घरोघरच्या न्हाण्या, गोठे, माठाखालच्या जागा बघत हिंडायचे. कुठे त्यांना पोलिओचे डोसवाले समजले, कुठे चोर. एका गावात मुलांनी नावच ठेवलं, ड्रमबाबा. कारखान्यात लोक उघड म्हणायचे, बह्याड झाला, म्हणजे वेडा.

मला मेमो मिळाला होता, नोकरी टिकली. मीही दोन-तीन रविवार त्यांच्यासोबत गेले. नंतर माझं लग्न ठरलं आणि माझं जाणं थांबलं. त्यांनी कधी विचारलं नाही, मीही कारण सांगितलं नाही.

एक दिवस मॅनेजरांनी त्यांना बोलावलं. मी तिथंच होते. "काकाजी, एका ड्रमासाठी नोकरी घालवता का?"

"ड्रम एकच हाय साहेब. त्यातून पेनारे किती, ते तुमी सांगता का मले?"

मॅनेजर वाईट नव्हते. त्यांनी कपाळाला हात लावला. काकाजींनी कानामागची पेन्सिल काढून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून आलेच नाहीत.

नंतर कळलं, जुन्या प्लास्टिकचा दाणा करणाऱ्या एका कारखान्यासाठी ते भंगार गोळा करू लागले. गावोगाव जायचं, फुटके ड्रम, कॅन, बादल्या, सुताचे मोडके कोन आणायचे. आतली यंत्रं त्यांचा चुरा करून, वितळवून पुन्हा दाणे पाडत. काकू म्हणाल्या, "आता हिंडाचे पैसे तरी भेटते." मला ते ऐकून बरं वाटलं, आणि तेवढंच वाईटही.

आमचा कारखाना दोन हजार सालाच्या आसपास बंद झाला. मी सावंगीच्या दवाखान्यात रक्तलघवी तपासायच्या विभागात लागले. मुलगी झाली, घर झालं. मधूनमधून काकाजी यायचे. खिडकीबाहेर उभे राहायचे, "बरं हाय नं बाई?" म्हणायचे, आणि मी चहा सांगेपर्यंत गेलेले असायचे. ड्रमाचा विषय मी काढत नसे. मला त्यांच्या तोंडून 'नाई' ऐकायचं नव्हतं.

मग एका दुपारी ते आले. जूनचे पहिले दिवस, आभाळ भरून आलेलं. ते खिडकीशी थांबले नाहीत, आत आले.

"सापडला," म्हणाले.

मी हातातली नळी खाली ठेवली. "कुठे?"

"समुद्रपूरच्या पलीकडे, लहानसं गाव हाय. एक एकटी बाई राह्यते. तिच्या अंगनात. लाल पट्टा फिका झाला, पन माह्याच हातचा. मी ओढला तेव्हा ब्रशचा केस चिटकला होता नं, थो अजून हाय."

"आणि... पाणी?"

"तेच तर. मी तिले इचारलं, माय, यात पानी ठेवत होती का? थे म्हने, नाई बाप्पा. आनला त्याच दिवशी झाकन काढलं, वास आला, नाकाले बरं नाई वाटलं. मंग गोवऱ्या भरल्या. इतके वर्सं गोवऱ्याच ठेवून राह्यली."

ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी भिंतीला हात टेकला, आणि मग ते हसणं राहिलं नाही. मीही रडले. आमच्या दोघांच्या झोपेवर इतकी वर्षं बसलेला ड्रम एका बाईनं नुसतं नाक वापरून पहिल्याच दिवशी निकालात काढला होता. तिला कुणी मॅडम म्हणत नव्हतं, तिच्याकडे लेबल नव्हतं, आणि तिला आमची गरजही नव्हती.

"मग आणला का तुम्ही? कापला?"

"नाई." त्यांनी डोळे पुसले. "पाऊस येऊन राह्यला होता. ओल्या झाल्या असत्या तिच्या गोवऱ्या. मी म्हटलं, राहू दे माय. पन यात दुसरं काही भरू नको. थे म्हने, मले काय कळत नाई का?"

पुढच्याच वर्षी काकाजी गेले. हृदयविकारानं. मला कळलं तेव्हा तेरवी होऊन गेली होती. मी वडनेरला काकूंना भेटून आले. त्या धान्य निवडत बसल्या होत्या, नीट बोलल्या, चहा दिला.

पण मला काकाजी आठवतात ते त्या जूनच्या दुपारचे. ते निघाले तेव्हा मी खिडकीतून पाहत होते. फाटकाबाहेर एसटीच्या थांब्यावर ते जाऊन उभे राहिले. हिंगणघाटची गाडी आली. ते दोन पावलं पुढे झाले आणि परत मागे आले. गाडी गेली. मग आर्वीकडची आली. तिच्या दाराशी जाऊन त्यांनी कंडक्टरला काहीतरी विचारलं आणि तिलाही जाऊ दिलं. त्यांना कुठे जायचं होतं ते बहुधा त्यांनाच ठरवता येत नव्हतं. पाऊस सुरू झाला. लोक टपरीखाली पळाले. काकाजी तिथंच, रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या गाड्यांकडे मान उंचावून बघत. तेवढ्यात आतून कुणीतरी मला हाक मारली, रिपोर्टसाठी. मी परत येऊन पाहिलं तेव्हा थांबा रिकामा होता, आणि एक लाल गाडी वळणावर दिसेनाशी होत होती. तिची पाटी मला वाचता आली नाही.